ओ देणारा डबा

जुनं सोनं मोडायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे रविराज आधी बघायचा, सोन्याकडे नंतर. कोईमतूरच्या आपल्या गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या दुकानात त्यानं उभी जवानी हेच केलं. पाटली काढताना बाई दाराकडे बघते की काट्याकडे, यावरून त्याला कळायचं की ही घासाघीस करणार की मिळेल ते घेऊन पळणार. कसोटीचा दगड आपला नावाला. एकदा दागिना मुशीत पडला, त्याचं पिवळं पाणी झालं, की तो कुणाच्या गळ्यात होता आणि कुणाच्या डोळ्यांदेखत उतरवला, हा प्रश्नच संपला. "मुशीतनं निघालं त्ये नवं," असं तो म्हणायचा. या एका वाक्यावर त्यानं विट्यात बंगला बांधला, लेकीला विमान चालवायला शिकवलं आणि शेवटी लिलावात एक जुनं दोन आसनी विमानही घेतलं.

विमान आलं तेव्हा गावानं आठवडाभर करमणूक करून घेतली. कुणी म्हणालं, शेठनं ट्रॅक्टरला पंख लावले. कुणी म्हणालं, आता शेठ द्राक्षबाग वरनं शिंपणार. रविराजनं मनावर घेतलं नाही. पंपावर गाडीत पेट्रोल भरून झाल्यावर नळी उलटी करून शेवटचा थेंब टाकीत झटकून घेणारा हा माणूस. हसण्याला पैसे पडत नाहीत, मग हसू देत, असा त्याचा हिशेब.

विट्याच्या पूर्वेला माळावर त्यानं पत्र्याची मोठी शेड ठोकली, समोर धावपट्टी सपाट करून घेतली आणि परवान्यांसाठी इतक्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले की त्याचं वजन उतरलं. हे सगळं कशासाठी, तर पल्लवीसाठी. एकुलती एक लेक. तिला दिल्लीकडच्या एका कंपनीचं नोकरीचं बोलावणं येऊन पडलं होतं. एकदा पोरगी तिकडं गेली की दिवाळीला चार दिवस येणार, तेही फोनवर बोलत. पण पुण्याच्या एका मोजणीवाल्या कंपनीनं काम देऊ केलं होतं. मेढ्याच्या बाजूचे डोंगर, त्यांच्या माथ्यावरचे सपाट सडे, दऱ्या यांचे वरून फोटो काढायचे. वर्षभराचं काम. ते मिळालं तर पल्लवी घरात राहणार होती. अट एकच, विमानात चालू ट्रान्सपॉन्डर पाहिजे आणि महिनाअखेरच्या चाचणीत तो रडारला नीट दिसला पाहिजे.

त्या दुपारी शेडमध्ये टेबलाभोवती तिघं बसली होती. रविराज, पल्लवी आणि भाऊसो. भाऊसो आष्ट्याचा. हवाई दलातून विमानांची देखभाल करून निवृत्त झालेला, आता रविराजच्या पगारावर. थोडी लांब, पत्र्याच्या सावलीत, रविराजची आई रंगुबाई सुपात मटकी निवडत होती. बंगल्यात एसी लावल्यापासून तिला तिथं गुदमरायचं. त्यामुळे ती जेवणाच्या डब्याबरोबर रोज माळावर यायची.

"नवा घेतला तर किती म्हणलीस?" रविराजनं विचारलं.

पल्लवीनं आकडा सांगितला.

"तेवढ्यात चार म्हशी येत्यात."

"म्हशी रडारवर दिसत नाहीत, पप्पा."

"आन् ह्यो दुसरा?"

"तो परदेशातून येणार. स्वस्त आहे, पण यायला चार महिने. तोवर काम गेलं."

"मग राह्यला त्यो सिद्धूचा."

सिद्धू बेळगावचा. बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबांचं सामान घ्यायचं आणि फोनवरून विकायचं, हा त्याचा धंदा. त्यानं एका जुन्या ट्रान्सपॉन्डरचा भाव सांगितला होता आणि तो ऐकून रविराजच्या चेहऱ्यावर जे सुख पसरलं, ते पल्लवीला चांगलं ओळखीचं होतं.

"तो कुठल्या विमानातून काढलाय, एवढं तरी विचारा," ती म्हणाली.

"इचारलं. क्लबाचं सामान हाय म्हणला. मागचं कशाला उकरायचं? मुशीतनं निघालं त्ये नवं."

"हा कुठं मुशीत घातलाय?"

भाऊसो मिशीत हसला. रविराजनं त्याच्याकडे बघितलं, तसा तो चहाकडे बघायला लागला.

"व्हय गं पल्ले," रंगुबाईनं सुपातून मान वर केली. "ह्या डब्याचं काम तरी काय असतंय?"

"सोपं आहे, आज्जी. खालून रडार विचारतं, तू कोण आहेस, किती उंच आहेस? हा डबा उत्तर देतो. नाही दिलं, तर त्यांच्या पडद्यावर आपण नसतोच."

"म्हंजे हाक मारली की ओ द्यायची."

"तसंच."

"कितव्या हाकेला देतोय?"

पल्लवीला प्रश्न कळला नाही. "पहिल्याच. लगेच."

रंगुबाईचा सुपातला हात थांबला. तिचं माहेर आटपाडीकडचं. घरची माणसं मेंढरांमागं माळोमाळ हिंडलेली. "मग त्ये काय चांगलं न्हाई," ती म्हणाली. "आमच्याकडं माळावर हाक आली तर पहिलीला गप ऱ्हायचं, दुसरीला बी गप ऱ्हायचं. तिसरी आली तरच ओ द्यायची. माणूस तीनदा हाक मारतंय. दुसरं जे काय असंल, त्याला दोनच हाका येत्यात."

"आणि आपण तीनदा हाक मारली, आणि समोरच्यानं ओ दिलीच नाही तर?" पल्लवीनं गमतीनं विचारलं.

"तर तिथं आपलं माणूस न्हाई म्हणायचं आन् घरला जायाचं." रंगुबाईनं खडा उचलून टाकला. "तुला तर हजारदा सांगिटलं. पहिल्या हाकेला ओ देती. कुत्र्यानं भुकलं तरी ओ देशील."

खरंच होतं ते. पल्लवी लहानपणापासून तशीच. नाव अर्धं तोंडात असतानाच तिची ओ यायची. रविराजला त्या 'ओ'चं कौतुक होतं. कोईमतूरहून तो घरी यायचा तेव्हा फाटकाची कडी वाजवायच्या आत ती आतून ऐकू यायची.

त्याच संध्याकाळी त्यानं सिद्धूला पैसे पाठवले.

डबा आला तो वर्तमानपत्रात गुंडाळलेला. कोण देऊन गेलं, ते शेडमध्ये कुणी बघितलं नव्हतं. टेबलावर होता, एवढंच. जाडजूड पुस्तकाएवढा. पुढच्या बाजूला चार आकड्यांची खिडकी, एक फिरवायची चावी आणि चावीशेजारी बारीक पिवळा दिवा. एका कोपऱ्यावर नखानं ओढल्यासारखा चरा. रविराजनं तो सवयीनं हातात तोलून बघितला. जड होता. जड वस्तू स्वस्तात मिळाली की त्याला नेहमीच बरं वाटायचं.

भाऊसोनं तो विमानात बसवला, तारा जोडल्या, वीज दिली. "ह्यो पिवळा दिवा लागला, की समजायचं ह्यानं कुणाला तरी ओ दिली," त्यानं रविराजला समजावलं. "हितं मात्र लागायचा न्हाई. जमिनीवर कुठला रडार पोचतोय? डोंगार आडवा हाय."

दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. विझला.

मग काहीच नाही.

"वरनं एखादं मोठं विमान गेलं असंल," भाऊसो म्हणाला. "त्ये बी इचारत्यात." दोघं शेडबाहेर आले. आभाळ निरभ्र होतं. लांब कारखान्याच्या धुराड्याचा धूर तेवढा सरळ वर चालला होता. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला.

थोड्या वेळानं दिवा पुन्हा तसाच लागला. दोनदा.

भाऊसो विमानाच्या पोटाखाली शिरला आणि बोटभर लांबीची अँटेना काढूनच बाहेर आला. "ही ह्याचं तोंड बी हाय आन् कान बी. आता ह्याला हाक ऐकू यायची न्हाई, आन् ह्यानं ओ दिली तरी कुणाला कळायची न्हाई."

दोघं खिडकीतून आत बघत उभे राहिले. पत्रा उन्हानं कडकड वाजत होता.

दिवा लागला. विझला. लागला. विझला.

"दिवा खराब हाय," भाऊसो म्हणाला.

"व्हय. दिवाच," रविराज म्हणाला.

दोन शहाणी माणसं एकदम एकच बोलली की समजावं, दोघांचाही त्यावर विश्वास नाही. भाऊसोनं दिवा बदलला, अँटेना परत लावली. रविराजनं मनातल्या मनात एक गोष्ट बाजूला काढून ठेवली. दिवा कधीच एकदा लागत नव्हता आणि तीनदाही लागत नव्हता. आईकडे मात्र त्यानं हा विषय काढला नाही.

दिवा बदलल्यावर सगळं गपगार झालं. भाऊसोनं कराडहून तपासणीचं यंत्र मागून आणलं. हातात धरायचं, बंदुकीसारखं. ते रडारसारखं विचारतं आणि डब्यानं काय उत्तर दिलं ते दाखवतं. विचारलं तर डब्यानं लगेच ओ दिली. आपल्या विमानाचं नाव बरोबर, कारण भाऊसोनं ते नव्यानं भरलं होतं. उंचीही माळाची, बावीसशे फुटांच्या आसपास, जेवढी पाहिजे तेवढी. पल्लवीनं स्वतः दोनदा तपासलं आणि बापाच्या पाठीवर थाप मारली.

"मानलं, पप्पा. चार म्हशी वाचवल्या."

रविराज खुलला. त्या दिवशी त्यानं शेडवर सगळ्यांसाठी भजी मागवली, तीही न सांगता. भाऊसोनं हे पहिल्यांदाच बघितलं होतं.

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी सिद्धूचा फोन आला.

"शेठ, माफ करा हं. लई उशीर झाला बघा."

"कशाला?"

"तुमचं पार्सल परत आलंय की हो. पत्ता सापडला नाही म्हणं. पाठवलेलं तसंच फिरून आलं. मी तुमचे पैसे परत टाकलो बघा आत्ताच."

रविराज शेडच्या दारात उभा होता. तिथून विमानाची काच दिसत होती, आणि काचेआड तो डबा.

"सिद्धू, डबा हितं हाय. बसवलाय."



"कसं असंल, शेठ? डबा माझ्या पुढ्यात टेबलावर हाय."

"फोटो धाड."

फोटो आला. चार आकड्यांची खिडकी, चावी, दिवा. कोपऱ्यावर नखानं ओढल्यासारखा चरा. रविराज फोन घेऊन विमानात चढला आणि चऱ्यावर बोट ठेवलं. तसाच होता, तेवढाच, तिथंच. पत्र्याखाली दिवसभर तापलेल्या त्या विमानात तो डबा रांजणाच्या बुडासारखा गार लागला.

एका साच्यातून हजार निघतात, त्यानं मनाशी म्हटलं. पण चरा साच्यातून निघत नाही, हेही त्याच्या बाजारात शिकलेल्या डोक्याला कळत होतं. सिद्धू फसवतोय म्हणावं, तर फसवणारा पैसे परत करत नाही. दुसऱ्या कुणी पाठवला म्हणावं, तर पाठवणारा पैसे मागितल्याशिवाय राहत नाही. आजवर रविराजनं फसवणूक पाहिली होती, चोरी पाहिली होती, भावाभावांतली लबाडी तर वजन करून पाहिली होती. पण ज्या व्यवहारात देणाराच नाही, असा व्यवहार त्यानं पाहिला नव्हता.

पल्लवीला सांगावं, असं त्याच्या ओठावर आलं. सांगितलं असतं तर तिनं तो डबा काढून फेकला असता. दुसऱ्या दिवशीची चाचणी हुकली असती, काम हुकलं असतं. दिल्लीचं बोलावणं अजून तिच्या फोनमध्ये होतंच. आणि खरं सांगायचं तर डबा फुकट पडला होता. फुकटची गोष्ट हातातून सोडायला लागणारा स्नायू त्याच्या अंगात देवानं घातलाच नव्हता.

तो गप्प बसला.

सकाळ लख्ख होती. पल्लवी विमानात बसली, पट्टा आवळला, काचेतून अंगठा दाखवला. विमान माळावरून धावत गेलं, बाभळींच्या रांगेवरून उचललं आणि पश्चिमेला वळलं. जाऊन यायचा मार्ग ठरलेला होता. कृष्णेचा हिरवा पट्टा ओलांडायचा, अजिंक्यतारा उजव्या हाताला ठेवायचा, मेढ्याच्या वरच्या सड्यांवर एक फेरी मारायची आणि परत. रंगुबाई दारात उभी राहून ते ठिपक्याएवढं होईपर्यंत बघत राहिली.

शेडमध्ये रेडिओ होता, छपरावर उंच काठी. पण पल्लवी ज्याच्याशी बोलत होती, तो रडारवरचा माणूस लांबचा, डोंगरापलीकडचा. त्याचं बोलणं इथं पोचत नव्हतं. ऐकू यायची ती फक्त पल्लवी. एकाच बाजूनं चाललेला संवाद, इंग्रजीत. भाऊसो तो रविराजला मराठीत सांगत होता.

"दिसतीय म्हणं त्यास्नी. लखलखीत दिसतीय."

रविराजनं श्वास सोडला. काम मिळालं. पोरगी राहिली.

जरा वेळानं पल्लवी पुन्हा बोलली. भाऊसोनं कपाळाला आठी घातली.

"काय म्हणती?"

"म्हणती, न्हाई, मी एकटीच हाय."

खरखर. मग पुन्हा तिचा आवाज.

"म्हणती, मागं कुणी न्हाई. मी वळून बघितलं."

"कुणाच्या मागं?"

भाऊसोनं बोटानं गप्प केलं. तो रेडिओच्या अगदी जवळ वाकला. "त्येनं हिला डबा बंद करायला लावला असंल. बंद केला म्हणती." तो थांबला. "आता इचारती, पडद्यावरनं कोण गेलं? मी, का मागचं?"

उत्तर त्यांना ऐकू येणार नव्हतं. ते एकट्या पल्लवीला ऐकू आलं.

रंगुबाई दारातून आत आली.

रेडिओ खरखरला. पल्लवीचा आवाज आला, स्वच्छ, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. या वेळी मराठीत.

"ओ, पप्पा."

भाऊसोनं रविराजकडे बघितलं. रविराजनं आपल्या हातांकडे. माइक खुंटीला टांगलेला होता.

"मी न्हाई बोललो," तो म्हणाला.

"ओ," पल्लवी पुन्हा म्हणाली. हसरा आवाज. फाटकाची कडी वाजायच्या आत यायचा, तसा.

रविराजनं माइक ओढला. बटण सापडेना.

"बरं," रेडिओतून पल्लवी म्हणाली. "येते खाली."

"खाली येऊ नगंस!" तो ओरडला. "तिथं डोंगार हाय! मी न्हाई बोलावलं! येऊ नगंस!"

खरखर.

भाऊसोनं त्याच्या हातातून माइक घेऊन विमानाच्या नावानं पुकारा केला. पुन्हा केला. पुन्हा केला. रंगुबाई खांबाला टेकून जमिनीकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते, ती देवाचं नाव घेत होती की पुकारे मोजत होती, ते कळत नव्हतं.

नुसती खरखर. मग तीही थांबली.

पत्रा वाजत राहिला. कुणी बसलं नाही.

आणि विमानाचा आवाज आला.

पूर्वेकडून.

तिघं बाहेर धावली. पश्चिमेला गेलेलं विमान आटपाडीच्या बाजूनं येत होतं. सावकाश, सरळ, पंखही न हलवता. ते माळावर टेकलं तेव्हा धूळ उडाली नाही, असं भाऊसो नंतर म्हणाला. पण तो त्या वेळी रडत होता, त्यामुळे ते धरायचं का नाही, कुणास ठाऊक.

पल्लवी उतरली. रविराजनं तिला मिठी मारली, दंड चाचपले, तोंड हातात धरून बघितलं. पल्लवीच होती. कपाळावर टोपीचा वळ. श्वासाला सकाळच्या वेलदोड्याचा वास.

"काय झालं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"तू खाली का गेलीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, खाली ये."

"मी न्हाई म्हणलो."

तिनं त्याच्याकडे बघितलं. लहान मूल उगाच हट्ट करत असलं की मोठी माणसं बघतात, तसं. मग ती विमान बांधायच्या दोऱ्या घेऊन गेली.

हातांना काहीतरी काम हवं म्हणून रविराजनं टाकीत मापाची पट्टी घातली. सकाळी त्यानं स्वतः भरलं होतं. पट्टी बाहेर काढली, पुसली, पुन्हा घातली. पेट्रोल सकाळी होतं तेवढंच होतं. थेंबही कमी नाही.

आयुष्यात पहिल्यांदा वाचलेली वस्तू त्याला नकोशी झाली. डबा फुकट. फेरी फुकट. आजवरच्या धंद्यात इतकी सगळी जमा त्याला कधी लाभली नव्हती. आणि कुठंतरी नावे पडल्याशिवाय जमा होत नाही, हे त्यानंच कोईमतूरला पोरांना शिकवलं होतं.

"त्यो डबा काढ," तो भाऊसोला म्हणाला.

भाऊसोनं तारा तोडूनच डबा बाहेर आणला आणि शेडमधल्या टेबलावर ठेवला. मागं कापलेल्या तारा लोंबत होत्या. वीज नाही, अँटेना नाही. तरी त्यानं तपासणीचं यंत्र त्याच्यावर धरलं. का धरलं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

डब्यानं उत्तर दिलं.

नाव आपल्याच विमानाचं. उंची मात्र माळाची नव्हती. भाऊसो आकड्याकडे बघत राहिला. त्यानं यंत्र हातावर आपटलं, पुन्हा धरलं. तोच आकडा. चार हजारांच्या आत-बाहेर, स्थिर. हलत नव्हता. उडणाऱ्या विमानाचा आकडा हलत असतो.

"शेठ," तो हळूच म्हणाला, "एवढी तर मेढ्याच्या वरच्या सड्याची उंची हाय. हवेतली न्हवं. जमिनीची."

रविराजनं दारातून बाहेर बघितलं. उन्हात विमान उभं होतं. पल्लवी त्यांच्याकडे पाठ करून, गुडघ्यावर बसून, खुंटीला दोरी बांधत होती. हाकेच्या अंतरावर.

"पल्ले," त्यानं हाक मारली.

टेबलावर पिवळा दिवा लागला. विझला.

पल्लवी दोरी बांधत राहिली.

वारा पडलेला होता. आवाज पोचला नसेल, असं म्हणायची सोय नव्हती.

"पल्ले!"

दिवा लागला. विझला.

तिनं गाठ ओढून बघितली, आवळली आणि दुसरी दोरी घेतली.

रविराजनं छातीत श्वास भरला. तोंड उघडलं. तेवढ्यात मागून एक सुरकुतलेला हात आला आणि त्याच्या तोंडावर घट्ट बसला. रंगुबाईच्या हाताला मटकीचा वास होता.

"नगं," ती त्याच्या कानात म्हणाली. "असू दे रं. घरात हाय की."

पल्लवी दिल्लीला गेली नाही. मोजणीचं काम तिलाच मिळालं आणि ते चांगलं चाललंय. कंपनी वेळेवर पैसे देते. पेट्रोलचा खर्च इतका कमी कसा, असं त्यांनी एकदा कौतुकानं विचारलं होतं. डबा शेडमधल्या लोखंडी कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली रविराजच्या कडदोऱ्याला.

घरात तिला कुणी नावानं हाक मारत नाही. जेवायची वेळ झाली की रंगुबाई तिच्या खोलीपर्यंत चालत जाते, खांद्याला हात लावते, ती उठून येते. शेजारीपाजारी म्हणतात, पोरीला केवढा मान देतात बघा.

रविराज कधीकधी फाटकाशी येऊन कडीवर हात ठेवून उभा राहतो. आत दिवा असतो, ताटं वाढल्याचा आवाज असतो. दोन हाका त्यानं त्या दुपारी माळावर खर्ची घातल्या. तिसरी त्यानं शिल्लक ठेवली आहे.